नात्याचा रकाना

सरकारला फॉर्म आवडतात आणि आमच्या संस्थेला ठराव. या दोघांच्या मध्ये मी तेवीस वर्षं अधीक्षिकेच्या खुर्चीत बसले. ठराव आमचे चिटणीस रामाजी मांडायचे, फॉर्म मी भरायची आणि मुली दोन वेळा जेवायच्या. हजारो फॉर्म भरले असतील, त्यातल्या एकातल्या एका रकान्याबद्दल मला सांगायचं आहे. तो भरला मी, आणि भोगलं दुसऱ्याच बाईनं.

आमचं वसतिगृह नागपुरात, इंदोरा वस्तीत, विहाराच्या मागच्या अंगाला. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर मिलमधल्या आठ-दहा कामगारांनी ठरवलं की विहार नुसता वंदनेपुरता बांधायचा नाही. रामाजी त्यांतलेच, मिलमध्ये तुटलेले धागे सांधायचं काम करणारे. त्यांनी विहाराला लागून चार खोल्या उभ्या केल्या, निराधार मुलींसाठी. मग सरकारी खात्याकडे अर्ज गेला. खातं म्हणालं, तुम्ही मुली सांभाळा, आम्ही दरडोई अनुदान देतो. पण अटी दोन. संस्थेनं आपला वाटा स्वतः उभा करायचा, आणि मुलीला आई आणि बाप दोन्ही नसावेत.

पहिली अट वस्तीनं मुठीवर भागवली. भात टाकायच्या आधी घरोघरच्या बाया एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायच्या. रविवारी ती मूठ गोळा होऊन आमच्याकडे यायची. कोणाचा जाडा, कोणाचा जुना, एखाद्या घरचा वासाचा चिन्नोर. सगळं एका पातेल्यात पडल्यावर अर्ध्या भाताचा लगदा व्हायचा आणि अर्धा दाताखाली टणक लागायचा. मुली हसायच्या, आज कोणाच्या घरचा शिजून नाही राहिला म्हणून. तरी तो भात आमचा होता.

दुसरी अट मात्र आमच्या गळ्यात अडकली. गरिबाघरी बाप आधी जातो. खाणीत जातो, मिलमध्ये जातो, दारूत जातो. मागे आई उरते, आणि तिच्यापाशी आईपणाशिवाय काही नसतं. खात्याच्या लेखी ते लेकरू निराधार नव्हतं. हा नियम कोणत्या शहाण्यानं लिहिला कोण जाणे. भेटला असता तर मी त्याला बसवून चार शब्द ऐकवले असते.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात जयवंता आली. रामटेककडची. नवरा मँगनीजच्या खाणीत दगडाखाली सापडून गेलेला. सासरच्यांनी तिला ठेवलं नाही. नागपुरात येऊन ती धरमपेठेत बांधकामावर विटा वाहत होती आणि रात्री तिथंच रेतीच्या ढिगाजवळ निजत होती. कडेवर तीन वर्षांची मुलगी, प्रेमिला. पोट फुगलेलं, केस पिवळे पडलेले. मी पोरीकडे पाहिलं आणि मला कळलं, ही पावसाळा काढणार नाही.

"बाई, हिले ठेवून घ्या," जयवंता म्हणाली. "मी आनखी काही नाही मांगत."

मी तिला नियम सांगितला. ती ऐकत राहिली. मग पोरीला खाली ठेवून म्हणाली, "मंग मी मरून जाते. मंग घ्यान?"

ती खरंच विचारत होती, धमकी देत नव्हती. तशी बाई मी पुन्हा पाहिली नाही. मी रामाजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि वंदनेची वेळ झाली म्हणून उठून गेले. चार वाजता कसली आली वंदनेची वेळ. मी समजायचं ते समजले.

फॉर्म पुढं ओढला. आई : मयत. बाप : मयत. आणणाऱ्या व्यक्तीचं मुलीशी नातं, या रकान्यात मी लिहिलं, मावशी. जयवंताला वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मी माझ्या शहाणपणाच्या तोऱ्यात म्हटलं, "काहून नाराज होतं वं? माय मरो पण मावशी जगो, म्हणतात लोक." तिनं मान हलवली आणि अंगठा दिला. ती म्हण कुठं वापरावी आणि कुठं गिळावी, एवढंही मला त्या दिवशी सुचलं नाही.

पण नुसत्या कागदावर लिहून भागणार नव्हतं. खात्याचे निरीक्षक वर्षातून एकदा यायचे आणि मुलींना एकेकीला बोलावून विचारायचे. तीन-चार वर्षांचं लेकरू काय खोटं बोलणार? त्याला खरंच तसं वाटायला हवं. म्हणून मी जयवंताला सांगितलं, "सहा महिने तोंड दाखवू नको. पोरगी विसरली पाहिजे."

हे वाक्य मी बोलले. तेव्हा मला ते फार व्यवहारी वाटलं होतं.

तिनं सहा महिने तोंड दाखवलं नाही. समोरच्या आटाचक्कीच्या भिंतीआड मात्र उभी राहायची. चक्कीवाला एकदा मला म्हणाला, एक बाई रोज येते, दळण काही आणत नाही. मी त्याला गप्प बसवलं. इकडे पोरगी आधी पंधरा दिवस दाराशी बसून रडली. मग रडायची थांबली. मग अंग भरलं, केस काळे झाले, आणि ती माझ्याभोवती घुटमळू लागली. मी हिशेबाला बसले की मांडीत येऊन बसायची. मला मूल नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

दिवाळीनंतर जयवंताला मी बोलावलं. पोरगी माझ्या मांडीवर होती. जयवंता चार पावलांवर येऊन बसली आणि हात पुढं केले. प्रेमिलानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन हाये?"

"मावशी हाये तुही," मी म्हटलं.

जयवंता हसली. तशीच बसून हसत राहिली आणि पदरातला शेंगदाण्याचा लाडू पुढं केला. पोरीनं तो घेतला. विसरायचं काम नीट झालं होतं, फॉर्म पक्का झाला होता.

नातेवाइकांना महिन्यातून एकच रविवार भेट होती, तीही वहीत नाव-नातं लिहून. जयवंतानं त्यावर वाट काढली. वस्तीतली मूठ गोळा करायचं काम तिनं अंगावर घेतलं. दर रविवारी सकाळी घरोघर फिरायची, डोक्यावर पोतं घेऊन यायची आणि तांदूळ निवडायला अंगणात बसायची. प्रेमिला तिच्याजवळ बसून खडे वेचायची. विटा वाहून आठवडाभर दुखणारी मान घेऊन ती बाई रविवारी पुन्हा पोतं का वाहते, हे कोणी विचारलं नाही. धम्माचं काम आहे म्हणून वस्तीनं तिचं कौतुकच केलं.

प्रेमिला सात वर्षांची असताना एकदा निरीक्षक मनोहरराव नेमके रविवारीच आले. माणूस वाईट नव्हता, पण प्रश्न फिरवून विचारायची त्यांना खोड होती. त्यांनी प्रेमिलाला जवळ घेऊन सहज विचारलं, "काय गं, तुझी आई काय काम करते?"

"माही माय मेली," प्रेमिला म्हणाली. "मले मावशी हाये. थे पाहा."

जयवंता तांदळात हात घालून बसली होती. मनोहररावांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. म्हणाले, "धन्य आहे तुमची. आजकाल सख्खी आई एवढं करत नाही." जयवंतानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मनोहररावांनी वहीत शेरा लिहिला, की संस्थेचं काम समाधानकारक आहे.

पोर मोठी होऊ लागली तशी वेगळीच गोष्ट सुरू झाली. मुलींना असतं ते प्रेमिलालाही होतं, आई कशी होती हे जाणून घ्यायचं. आणि ते विचारायला तिला एकच माणूस होतं.

"मावशी, माही माय कशी दिसे वं?"

"माह्यासारखीच," जयवंता पहिल्यांदा म्हणाली.

प्रेमिलानं तिला न्याहाळून पाहिलं. उन्हानं करपलेला चेहरा, विटांनी फाटलेले हात. "नाही वं," ती म्हणाली. "तुह्यासारखी नसन."

मी तिथंच वाती वळत होते. जयवंता थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "गोरी होती. केस कमरेच्या खाली."

झालं. त्या दिवसापासून ती मेलेली बाई आमच्या अंगणात येऊन बसली. दर रविवारी तिला काही ना काही मिळायचं. एका रविवारी तिचा गळा गोड झाला. पुढच्या रविवारी तिला चौथीपर्यंत शाळा मिळाली. मग ती हसली की गालाला खळी पडू लागली. खरी जयवंता चौदा वर्षांची असल्यापासून माती उचलत होती, पण ही बाई कोणाच्या कामाला गेली नव्हती. प्रेमिला डोळे मिटून ऐकायची. शाळेच्या निबंधात तिनं आईवर लिहिलं आणि बक्षीस आणलं. बक्षिसाचा पितळी पेला तिनं जयवंताच्या हातात दिला आणि म्हणाली, "माय असती तं किती खुश झाली असती, नाही वं?"

"हाव," जयवंता म्हणाली. "लय खुश झाली असती."

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. "बाई, खरं सांगू? थ्या मेलेल्या बाईचा मले राग येते."

मी म्हटलं, "तूच तर मोठी केली तिले."

"मंग काय करू? पोरीले माह्यासारखी माय नको होती."

वैशाख पौर्णिमेला मी मुलींना गौतमीची गोष्ट सांगायची. महामाया सात दिवसांत गेली आणि तिच्या बहिणीनं, म्हणजे बाळाच्या मावशीनं, सिद्धार्थाला पाजलं, वाढवलं. एका वर्षी मुलींनी त्याचं नाटुकलं केलं. प्रेमिला गौतमी झाली होती. पाळण्याशी बसून ती सारखी प्रेक्षकांत जयवंताकडे पाहायची. नंतर माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, "बाई, म्हणजे मावशीच मोठी ना?" मी तिला कपडे बदलायला पाठवलं.

जयवंता दरवर्षी मला विचारायची, आता सांगू का. मी दरवर्षी म्हणायची, थांब. पोर अजून लहान आहे, तोंडातून जाईल. मग म्हणायची, थांब, मनोहरराव येऊन जाऊ देत. मग म्हणायची, एका मुलीचं खोटं निघालं तर चाळीस मुलींचं अनुदान जाईल. ते खरंही होतं. पण त्याच्या आड मी माझी भीतीही लपवत होते. मॅट्रिक झाली की तिचं नाव अनुदानातून निघतं, तेव्हा सांगू, असं शेवटी ठरलं. जयवंतानं तो दिवस धरून ठेवला. दुसऱ्या बाया लेकीच्या लग्नाचे दिवस मोजतात, ही मॅट्रिकचे मोजत होती. मला एकदा म्हणाली, "बाई, पैसाअडका नाही पायजे मले. फक्त एकडाव माय म्हटलं पायजे तिनं. मंग मी मेली तरी चालन."

एकोणऐंशीच्या जूनमध्ये निकाल लागला. प्रेमिला पास झाली, तिला अमरावतीला नर्सिंगला जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी दोघींना ऑफिसात बोलावलं. जयवंता न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून आली होती. केसांना तेल लावलेलं. खुर्चीवर बस म्हटलं तरी ती बसेना. भिंतीला टेकून उभी राहिली.

मी सांगितलं. घुमवून सांगायला मला येत नाही. फॉर्म काढला, रकाना दाखवला, आणि म्हटलं, "हे मी लिहिलं. ही तुझी आई आहे. जिनं तुला जन्म दिला ती हीच, दुसरी कोणी नाही."

प्रेमिला कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग तिनं मला विचारलं, "मंग थे? जिचे केस लांब होते?"

"ती नव्हतीच, बेटा."

तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. ती रडू लागली. मावशी आई निघाली म्हणून नाही रडली. जिला इतकी वर्षं उशाशी घेऊन ती झोपत आली होती, ती बाई त्या दुपारी गेली. तिच्या नावानं ती हमसून हमसून रडली आणि जयवंता भिंतीशी उभी राहून ते पाहत राहिली. शेवटी तीच पुढं आली. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"मी वाईट नाही केलं वं," जयवंता म्हणाली. "तू जगली पायजे म्हणून केलं."

"मले समजते," प्रेमिला म्हणाली. "मी रागानं नाही रडून राहिली."

"मंग एकडाव म्हण."

प्रेमिलानं तोंड उघडलं. ओठ मिटले की 'म' येतोच, तेवढा आला. पुढचं येईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग तिनं जयवंताचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "माय म्हटलं का मले थेच दिसते. गोरी. तोंडातून निघून नाही राहिलं वं, मावशी."

जयवंता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "राहू दे," ती म्हणाली. "घाई थोडीच हाये."

दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर ट्रंक जयवंतानंच डोक्यावरून नेली. बस निघेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. मला वाटलं, निघताना तरी पोर म्हणेल. पोरीनं हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "मावशी, मानेचं औषध वेळेवर घेजो." बस गेली. जयवंता म्हणाली, पोटात काही नाही पडलं सकाळपासून, आणि आम्ही चहा प्यायलो.

लेक गेली तरी जयवंताचं मूठ आणणं सुरूच होतं. पोतं टेकवलं की पहिला प्रश्न, "चिठ्ठी आली का?" तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्रं वसतिगृहाच्या पत्त्यावर यायची. पहिलं पत्र जुलैच्या शेवटी आलं. मी पाकीट फोडलं. वर लिहिलं होतं, आदरणीय मावशी, सप्रेम जयभीम.

जयवंता माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिनं काही विचारलं नव्हतं, नुसती पाहत होती. आणि मी वाचलं, "आदरणीय आई, सप्रेम जयभीम."

तिनं डोळे मिटले. एवढंच. मी पुढचं वाचत गेले. मेसचं जेवण, सिस्टरची बोलणी, पहिल्यांदा टोचलेली सुई. जिथं जिथं मावशी आलं तिथं मी आई वाचलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पत्राची घडी मागून घेतली, पुन्हा मलाच दिली आणि म्हणाली, पेटीत ठेवा. मला वाटलं, मी पाप केलं असेल, पण निदान ह्या वेळी कोणाचं काही हिसकावलं नाही. ऑगस्टमध्ये दुसरं पत्र आलं, तेही मी तसंच वाचलं.

तिसरं पत्र सप्टेंबरात आलं. मी "आदरणीय आई" म्हटलं आणि जयवंतानं हात पुढं केला.

"कुठी लिवलं हाये, दाखवा ना बाई मले. बोट लावून पाहते."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी कागद तिच्यासमोर धरला आणि तिचं बोट उचलून त्या शब्दावर ठेवलं. तिनं बोट जरा बाजूला सरकवलं आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "हे तं मावशी हाये."

मी कागद खाली ठेवला.

"तेरा वर्षं भेटीच्या वहीत माह्या अंगठ्याच्या बाजूले तुमी हेच लिवत होत्या. दर भेटीले पाहत होती मी. मले दुसरं काही वाचता येत नाही. एवढं येते."

माझी मान वर होईना. इतकी वर्षं मी मुलींना बाराखडी शिकवली, आणि ह्या बाईला मी नकळत एकच शब्द शिकवला होता. तिला नको असलेला तेवढाच.

"तुले बरं वाटावं म्हणून वाचलं," मी म्हटलं.

"हाव. पहिल्या डावबी भल्यासाठीच लिवलं होतं तुमी." ती रागानं बोलली नाही, आणि रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "पोरीनं जे लिवलं थेच वाचा आता. तिनं मनातून लिवलं असन. तिचं काहून बदलवता?"

मग तिनं पेटीतली आधीची दोन पत्रंही काढायला लावली. पहिल्यापासून वाचा म्हणाली. ती अंगणात तांदळाच्या पोत्याला टेकून बसली, पाय लांब केले, हात मांडीवर ठेवले. मी चष्मा नीट केला आणि जसं होतं तसं वाचायला घेतलं. आदरणीय मावशी, सप्रेम जयभीम. मावशी, इथं पाऊस फार आहे. मावशी, तू जेवतेस ना. मावशी, धम्मचक्र दिनाला मी येते, माझ्या मैत्रिणींना तुला भेटवायचं आहे.

मी वाचत होते आणि प्रत्येक वेळी तो शब्द आला की जयवंता हळूच ओ देत होती.